शेक घेऊन वर्षं झाली, मग आता हा त्रास कशाचा?

तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) घेऊन तीन-चार वर्षं झाली, आणि आता दाढ काढलेली जागा भरतच नाही. किंवा गर्भपिशवीच्या तोंडाला शेक घेतलेल्या मावशींना लघवीतून रक्त जायला लागतं. घरच्यांच्या पोटात गोळा येतो, आजार उलटला की काय? ही शंका आधी कॅन्सरच्या डॉक्टरांकडून फेडून घ्या. त्यांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही कोणालाच चेंबरमध्ये, म्हणजे दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या बंद कक्षात, घेत नाही.

आजार नसेल, तर बहुतेक वेळा शेकाने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. रक्त कमी, म्हणून ऑक्सिजन कमी, म्हणून जखम तशीच. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. चेंबरमध्ये तुम्ही जवळपास शुद्ध ऑक्सिजन घेता, तोही दोन ते अडीच पट दाबाने. विहिरीत चाळीस-पन्नास फूट पाण्याखाली असतो, साधारण तेवढा दाब. त्या दाबाने ऑक्सिजन रक्ताच्या पातळ भागातही विरघळतो आणि हळूहळू नव्या वाहिन्या फुटायला मदत होते. हळूहळू म्हणजे रोज सुमारे 90 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, अशा 30 ते 40 बैठका. हिंगोली-परभणीहून रोज येणं-जाणं झेपत नाही. दीड-दोन महिने संभाजीनगरात पाहुण्यांकडे सोय होते का, ते आधी बघा.

ही कॅन्सरवरची ट्रीटमेंट नाही. गुणही सगळीकडे सारखा नाही. मूत्राशयाच्या त्रासात फायदा झाल्याचं नॉर्डिक देशांतल्या 2019 च्या चाचणीत दिसलं. पण शेक घेतलेल्या जबड्याची दाढ काढताना हाड कुजू नये म्हणून आधीच ऑक्सिजन द्यावा का, हे तपासणाऱ्या त्याच वर्षीच्या ब्रिटिश चाचणीत फरक पडला नाही. म्हणून नुसत्या भीतीपोटी आलेल्यांना आम्ही परत पाठवतो. धंद्याला परवडत नाही, पण तसंच आहे.

येताना डोक्याला तेल नको, अंगाला व्हॅसलीन नको. शुद्ध ऑक्सिजनमध्ये आग लागायला ठिणगी पुरते. तेल चोपडून आलेल्या आजीबाईंना आम्ही शिकेकाईने केस धुवायला लावतो. त्या रागावतात, मग चहा घेऊन हसतात. कपडे सुती, मोबाईल-काडेपेटी बाहेर. दाब वाढताना घाट उतरल्यासारखे कानात दडे बसतात; आवंढा गिळा, दुखलं तर लगेच हात करा. शुगर असेल तर उपाशी येऊ नका, ती उतरते. महिनाभराने लांबचं धूसर दिसलं तर लगेच नवा चष्मा करू नका, बहुधा ते आपोआप निवळतं. फुप्फुसाचा आजार असेल किंवा किमोत ब्लिओमायसिन नावाचं औषध घेतलं असेल, तर न विचारता सांगा.

शेकाची फाईल पिशवीत घालून आणा. कुठे, किती शेक दिला, ते त्यातच लिहिलेलं असतं.