शून्य बघायला जाता ना, मग तिथला माळांचा हिशेबही बघा

ग्वाल्हेरला पाहुणे आले की आपण त्यांना किल्ल्यावर नेतो, चढणीवरच्या चतुर्भुज मंदिरातला तो जुना शून्य दाखवतो, फोटो काढतो आणि मानसिंग महालाकडे सटकतो. पण इ.स. ८७६ च्या त्या शिलालेखात शून्य आलाय तो कुठल्या आकड्यांत, हे कोणी विचारत नाही. देवासाठी बाग, २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा. साधा फुलांचा हिशेब आहे हो, आणि मला विचाराल तर पोरांना बीजगणित शिकवायला याच्याहून भारी उदाहरण नाही.

समजा एका माळेत फ फुलं. मोगरा असेल तर फ मोठा, झेंडू असेल तर लहान (झेंडू तेव्हा आपल्याकडे नव्हताच, तो नंतर अमेरिकेकडून आला, पण असू दे). रोजची फुलं झाली ५०फ. फ ४० असेल तर २०००, १०८ असेल तर ५४००. फ बदलतो म्हणून तो चल, ५० जागचा हलत नाही.

आता खरी गंमत. प्रत्येक माळेत ३ फुलं जास्त ओवली तर ५०(फ + ३), आणि माळा तशाच ठेवून ३ सुटी फुलं देवाच्या पायाशी वाहिली तर ५०फ + ३. दिसायला फरक एका कंसाचा, पण फ ४० धरला तर एकीकडे २१५० फुलं लागतात न् दुसरीकडे २००३! पोरं कंस विसरतात ते आळसाने नाही, "प्रत्येक" हा शब्द डोळ्याखालून निसटतो म्हणून.

दुसरा घोळ म्हणजे फ ला फूलच समजणं. फ ही संख्या आहे, फूल नव्हे. म माळी, प्रत्येकाकडे ६ टोपल्या, एकूण टोपल्या ट, तर बरेच जण धडाधड ६ट = म लिहून मोकळे, का तर वाक्यात ६ च्या पुढे टोपल्या आहेत. १० माळी घालून बघा, टोपल्या ६० होतात, म्हणजे ट = ६म.

आणि अक्षर क्ष च हवं असं काही नाही बरं का, भास्कराचार्य १२व्या शतकात अज्ञात संख्यांसाठी यावत्तावत् (जितकं तितकं), कालक (काळा), नीलक (निळा) या नावांची आद्याक्षरं या, का, नी अशीच वापरायचे, एक्स-वाय-झेड तर देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने १६३७ मध्ये रुळवले.

जाता जाता एक करून बघा. त्याच बागेभोवती बाहेरून र हात रुंद वाट काढली तर वाटेसकट लांबी किती? २७० + र नाही, वाट दोन्ही टोकांना आहे, म्हणून २७० + २र, रुंदी १८७ + २र, आणि सगळी जागा (२७० + २र)(१८७ + २र). र ला १ करा, ५१,४०८ चौरस हात येतात, त्यातून बागेचे ५०,४९० वजा केले की नुसत्या वाटेचे ९१८.