संत सेबॅस्टियन यांना बाण का लागले?

ख्रिस्ती संत सेबॅस्टियन समलिंगी होते आणि म्हणूनच त्यांना बाणांनी ठार मारण्यात आले, असा मजकूर बरीच वर्षे फिरतो आहे. सोबत बाणांनी विद्ध झालेल्या देखण्या तरुणाचे चित्र असल्याने तो खरा वाटणे स्वाभाविक आहे.

पडताळणीसाठी आधी त्यांची ५व्या शतकातील हुतात्मा-कथा पाहावी. तीत शिक्षेचे कारण ख्रिस्ती श्रद्धा हे आहे. शिवाय बाणांनी ते मेलेच नाहीत, आयरीन नावाच्या विधवेच्या शुश्रूषेने वाचले आणि पुढे सोट्यांनी मारले गेले. मग चित्रे काळाच्या क्रमाने लावावीत. रोममधील सान पिएत्रो इन विंकोली या चर्चमधल्या ७व्या शतकातील मोझेकमध्ये ते दाढीवाले, अंगभर वस्त्रे ल्यालेले प्रौढ गृहस्थ आहेत. उघड्या अंगाचा तरुण रूढ केला तो प्रबोधनकाळातील चित्रकारांनी, आणि १९व्या शतकाच्या अखेरीस समलिंगी कलावंतांना त्या रूपात आपले सोसणे दिसू लागले. हे नाते खरे आहे, आणि माझ्या मते आदरणीयही. मात्र तो चरित्राचा पुरावा नव्हे.

आपल्या मराठवाड्यात हा भेद परका नाही. पैठणला नाथषष्ठीत पिकल्या मिशांचा वारकरी टाळ धरून एकनाथांची गौळण गातो, तेव्हा तो गोपीच्या तोंडचे बोलत असतो, आणि ऐकणारा त्यावरून नाथांच्या लैंगिकतेचा निष्कर्ष काढत नाही.