परदेशातून दत्तक आलेले मूल अनाथच असते का?

परदेशातून दत्तक घेतलेले प्रत्येक मूल अनाथ असते, हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला तरी तो खरा नाही. अशा अनेक मुलांचे आई किंवा वडील, कधी दोघेही, हयात असतात. म्हणूनच परदेशी दत्तकाविषयीच्या १९९३ च्या आंतरराष्ट्रीय हेग करारानुसार जन्मदात्या आईची संमती मुलाच्या जन्मानंतरच, पैशाच्या आमिषाविना घ्यावी लागते. दक्षिण कोरियात तर पालक माहीत असूनही मुलांची नोंद ‘अनाथ’ अशी झाल्याचे तिथल्या सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केले. नव्या घरातल्या पहिल्या वर्षी रात्री दचकून उठलेले मूल आपल्या पहिल्या भाषेत आईला हाक मारते, तेव्हा ती हाक कदाचित हयात असलेल्या बाईलाच असते. दत्तकाच्या फायलीत तिच्या नावाचा कागद असेल, तर तो कृपया जिवापाड जपावा.