चंद्र की मुखवटा? सोलमधला एक बदलता उच्चार

कोरियन मालिका बघता बघता भाषेच्या नादी लागलेला मराठी माणूस पहिल्याच आठवड्यात वहीत देवनागरीतून उच्चार टिपायला लागतो. क-ख-ग-घ घरचंच असताना घाबरायचं कशाला! मग गाडी तीन शब्दांपाशी अडते. चंद्र म्हणजे ‘दाल’, मुखवटा म्हणजे ‘थाल’ आणि मुलगी म्हणजे ‘त्ताल’. यातली मुलगी सोपी. तिचं पहिलं व्यंजन आपल्या ‘त’च्या बरंच जवळचं, फक्त गळा जरा आवळून म्हटलेलं. गोची होते ती चंद्राची. लिहिताना त्याला ‘द’ देतात, पण शब्दाच्या सुरुवातीला त्यात ‘द’चा घोष, म्हणजे स्वरतंतूंचा कंप, नसतोच. आणि बोलणारा सोलचा तरुण असेल तर आपल्या कानाला चक्क ‘थाल’ ऐकू येतं. चंद्रही थाल, मुखवटाही थाल.

चंद्रातल्यासारखं हे साधं व्यंजन, मग ते ‘द’ असो की ‘ब’, दोन स्वरांच्या मध्ये आलं की मात्र घोष होतं. नवरा-बायकोच्या जोडीला कोरियनमध्ये ‘बुबु’ म्हणतात. अक्षर दोन्हीकडे एकच, पण कानाला येतं ‘पुबु’सारखं. २००० साली सरकारने रोमन लिपीतल्या लेखनाचे नियम बदलले आणि नकाशावर ‘पुसान’चं ‘बुसान’ झालं ते याच घोळामुळे. गावकऱ्यांचा उच्चार होता तसाच राहिला.

चंद्र आणि मुखवटा यांच्यातला फरक पूर्वी श्वासाचा होता. ‘प’ म्हणताना ओठ उघडतात, त्यानंतर काही क्षणांनी स्वरतंतू कंप पावू लागतात. मधल्या वेळात नुसती हवा बाहेर पडते. ही हवा जितकी जास्त वेळ, तितकं व्यंजन महाप्राण. (तोंडापुढे तळहात धरून ‘पळ’ आणि ‘फळ’ म्हणून बघा. ‘फ’ मात्र आजीचा हवा, ओठ मिटून म्हटलेला. दात ओठावर टेकवून म्हटलेला हल्लीचा ‘फ’ इथे चालणार नाही.) लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनी १९६४ साली हा मधला वेळ अकरा भाषांमध्ये मोजला. त्यांत कोरियन होती आणि मराठीही होती. कोरियनच्या प-वर्गातल्या तीन व्यंजनांसाठी त्यांना मिळालेली सरासरी अशी: आवळलेल्या (मुलगीसारख्या) व्यंजनाला सुमारे ७ मिलिसेकंद, साध्याला (चंद्रासारख्या) १८, महाप्राणाला (मुखवट्यासारख्या) ९१. म्हणजे साधं आणि महाप्राण यांच्यात भरपूर अंतर होतं.

ते अंतर मिटलं. डेव्हिड सिल्वा यांनी २००६ साली दाखवून दिलं की साधारण १९६५ नंतर जन्मलेल्या सोलवासीयांमध्ये साध्या व्यंजनातली हवा वाढत, महाप्राणातली कमी होत दोन्ही जवळजवळ एका जागी आली आहेत. यूनजंग कांग यांच्या २०१४ च्या अभ्यासातही हेच चित्र दिसलं, आणि या बदलात बायका पुरुषांच्या पुढे होत्या. भाषेतल्या बदलांत असं पुष्कळदा दिसतं.

मग सोलमध्ये चंद्र आणि मुखवटा यांची गल्लत होते का? मुळीच नाही. तिथल्या पोरांना दोन्ही शब्द स्वच्छ वेगळे ऐकू येतात, कारण ती हवा ऐकतच नाहीत, पट्टी ऐकतात. चंद्र खालच्या पट्टीत सुरू होतो, मुखवटा वरच्या. महाप्राण व्यंजन म्हणताना स्वरतंतू ताणलेले असतात, त्यामुळे मागून येणारा स्वर किंचित चढतो. हा चढ पूर्वीपासून होताच, पण आगंतुकासारखा. हवेने अंग काढून घेतलं तसा हा आगंतुक घरचा कारभारी झाला. आपल्या शेजारची पंजाबी याच वाटेने गेलेली आहे: तिथल्या ‘घोड्या’तला ‘घ’ गेला, शब्द ‘कोडा’ असा ऐकू येतो आणि ‘घ’ची खूण म्हणून उरतो खाली उतरलेला सूर.

तेवढ्यावरून कोरियन ही चिनीसारखी सुरांची भाषा झाली, असं म्हणायला मी धजावणार नाही. ही पट्टी दिसते ती शब्दसमूहाच्या सुरुवातीला. वाक्याच्या पोटात साधं व्यंजन घोष होऊन आपोआप वेगळं पडतं, तिथे सुराची गरजच उरत नाही.

गंमत अशी की कोरियनला सूर नवे नाहीत. १४४६ साली राजा सेजोंगने हांगुल लिपी जाहीर केली, तेव्हा अक्षराच्या डाव्या बाजूला ठिपके देऊन सूर दाखवत: एक ठिपका उंच सुराला, दोन चढत्या सुराला, ठिपका नाही तर सूर खालचा. पुढे राजधानीच्या बोलीतून हे सूर गेले. चढत्या सुराच्या जागी दीर्घ स्वर उरला: ऱ्हस्व ‘नुन’ म्हणजे डोळा, दीर्घ ‘नून’ म्हणजे बर्फ. आता तरुणांच्या बोलण्यात तो ऱ्हस्व-दीर्घ भेदही राहिलेला नाही. बुसान आणि देगूकडच्या ग्योंगसांग बोलीत मात्र सूर अजून नांदतो. तो तिथे शब्दच वेगळे करण्याच्या कामाला जुंपलेला आहे, म्हणूनच की काय, साध्या आणि महाप्राण व्यंजनांमधलं हवेचं अंतरही तिथे सोलपेक्षा जास्त टिकून आहे.

प्रत्येक हरवलेल्या भेदाला असा वारस मिळतोच असं नाही. कोरियनमध्ये ‘ए’ आणि ‘ॲ’ असे दोन वेगळे स्वर होते, आज बहुतेकांच्या तोंडी ते एकच झालेत. ‘के’ म्हणजे खेकडा आणि ‘कॅ’ म्हणजे कुत्रा, दोघांचं नाव सारखंच. स्पेलिंग सांगताना मग ‘आ-ई वाला की ऑ-ई वाला?’ असं अक्षराचे तुकडे पाडून विचारावं लागतं. आपण नाही का, ‘पोटफोड्या ष’ म्हणून सांगत? कुत्र्या-खेकड्याचं एक वेळ संदर्भाने भागतं. पण ‘नॅ’ म्हणजे माझं आणि ‘ने’ म्हणजे तुझं, हे एकसारखं ऐकू येऊ लागलं तर घरोघरी भांडणं व्हायची. लोकांनी तोडगा काढला: ‘तुझं’साठी सरसकट ‘नी’ म्हणायला लागले. प्रमाण लेखनात अजूनही ‘ने’च लिहावं लागतं, पण मित्राला मेसेज टाकताना ‘नी’ सर्रास चालतं.