दमा म्हणायचं नाही, ॲलर्जी म्हणायचं

जून-जुलैत कणकवली, चिपळूण, अलिबाग, कुठल्याही साध्या दवाखान्यात जाऊन बसा, धापा टाकणारे पेशंट दिसतीलच, पण त्यांच्या चिठ्ठीवर 'दमा' क्वचितच लिहिलेलं असतं. ॲलर्जिक ब्राँकायटिस लिहितात, नाहीतर पोर लहान असेल तर 'बाळदमा, मोठेपणी जाईल' असं तोंडी सांगतात. कारण दमा म्हटलं की पोरीचं लग्न अडतं, म्हातारा "आता माझा काय खरा नाय" म्हणून हाय खातो, आणि पंप (तोंडाने ओढायचं औषध, इन्हेलर) तर नकोच, तो एकदा लागला की सुटत नाही म्हणे (चुकीची समजूत आहे, पण आहे). पेशंट घाबरू नये म्हणून नाव फिरवायची ही खोड मात्र आपल्या डॉक्टरांची नाही, ती बरीच जुनी आहे.

मुळात दमा हा शब्द फारसीतून आला, दम म्हणजे श्वास, बस्स एवढंच. वैद्यांकडे त्याला श्वास हेच नाव. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास, क्षुद्रश्वास. यातला तमकश्वास दम्याच्या सगळ्यात जवळचा आणि त्याचं वर्णन कोकणातल्याच कुणाला बघून लिहिल्यासारखं वाटतं, ढग आले, पाऊस लागला, गारवा आला, पूर्वेचा वारा सुटला की वाढतो, आडवं पडलं की त्रास आणि उठून बसलं की बरं. घरातलं पडसंसुद्धा त्याच घराण्यातलं, सर्दीचा संस्कृत शब्द प्रतिश्याय झिजून झालेलं.

ग्रीकांकडे अस्थमा म्हणजे धापा टाकणं, हिप्पोक्रेटिसच्या लिखाणापासून आहे. ट्रेकियाची गंमत वेगळी. धमन्यांतून हवा वाहते असं तेव्हा समजायचे, म्हणून श्वासनलिकाही त्यांच्या लेखी धमनीच, फक्त कड्याकड्यांची म्हणून 'खडबडीत धमनी'. पुढे समजूत गेली, धमनी गेली, 'खडबडीत' तेवढं मागे राहिलं, आणि तेच आज ट्रेकिया. ब्राँकायटिस तर अगदीच अलीकडचा, १८०८ साली चार्ल्स बॅडम या इंग्लिश डॉक्टरने काढलेला.

खरा घोळ लेनेक या फ्रेंच डॉक्टरपासून सुरू होतो. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलमध्ये एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं बरं दिसेना म्हणून त्याने कागदाची सुरळी करून ऐकलं, तोच स्टेथोस्कोप, आणि १८१९ च्या पुस्तकात त्याने ऐकलेल्या आवाजांना नावं दिली. छातीतल्या खरखरीला त्याचा शब्द होता 'राल'. पण फ्रेंच माणसाच्या कानाला राल म्हणजे मरताना घशात होणारी घरघर, त्यामुळे पेशंटच्या उशाशी उभं राहून तो शब्द कसा उच्चारणार? मग तिथे तो लॅटिन 'राँकस' म्हणायचा, म्हणजे दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे, एक वहीतला एक पेशंटसमोरचा. १८२१ मध्ये जॉन फोर्ब्सने इंग्रजी भाषांतर केलं आणि पुढे हळूहळू इंग्रजी डॉक्टरांनी राल म्हणजे ओला आवाज आणि राँकस म्हणजे कोरडा अशी वाटणीच करून टाकली, जी लेनेकच्या मनातही नव्हती. हा गुंता दीडशे वर्षं चालला, १९७७ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने क्रॅकल (तडतड), व्हीझ (शिट्टीसारखा), राँकस (घोरल्यासारखा) अशी आवाजांच्या नावांची साफसफाई केली तरी आपल्याकडचे जुने डॉक्टर अजून 'रेल्स आहेत' (म्हणजे तोच राल) म्हणतातच. लेनेक स्वतः १८२६ मध्ये टीबीने गेला, ब्रिटनी या समुद्रकाठच्या आपल्या मुलखात जाऊन.

टीबीचंही तेच. क्षय म्हणायला घराघरात भीती, टीबी म्हटलं की जरा सुसह्य. १८८२ मध्ये कॉख या जर्मन डॉक्टरने टीबीचा जंतू दाखवला तरी नावाची भीती काही गेली नाही.

कोकणाशी खरं तर जास्त जवळचा शब्द म्हणजे बिसिनोसिस, आणि तोच कुणाला माहीत नाही. गिरणगावात राबणारे किती चाकरमानी रत्नागिरीकडचे होते, आणि कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की होणारा हा आजार. याची खूण म्हणजे सुट्टी संपवून कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते. हे नाव १८७७ मध्ये एड्रियन प्रूस्त या फ्रेंच डॉक्टरने दिलं, आणि योगायोग बघा, त्याच्याच मुलाला लहानपणापासून दमा. खोकत गावी परतलेल्या गिरणीवाल्याला मात्र लोक दमेकरीच म्हणणार, फार तर टीबी झाला म्हणणार.

२०२० मध्ये मुंबईहून आलेल्यांना गावच्या शाळेत क्वारंटाईन केलं तेव्हापासून सॅच्युरेशन, ऑक्सिमीटर, व्हेंटिलेटर हे शब्द आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसले. पल्स ऑक्सिमीटरचं मूळ तत्त्व शोधणारे जपानचे ताकुओ आओयागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. आणि आता चुलीच्या धुरात उभा जन्म काढलेल्या, कधी विडी न ओढलेल्या बायकांना डॉक्टर सीओपीडी, म्हणजे श्वास कोंडणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, सांगतात. हे नाव १९६० च्या दशकातलं, दम्याइतकाच चिवट आजार, पण कुणी दचकत नाही, कारण ती चार अक्षरं म्हणजे काय हे अजून कुणाला कळलेलंच नाही.