फुप्फुसाच्या कर्करोगावरील जोड-औषधांच्या चाचणीत सहभाग: पात्रता आणि कागदपत्रे

या चाचणीसाठी छापील अर्ज शोधू नका. तुमचे कर्करोगतज्ज्ञ चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना पत्र देतात, सोबत तुमची फाइल जाते, आणि तिथून छाननी सुरू होते.

पात्रतेत साधारण हे पाहतात: आजार चौथ्या टप्प्यात आहे किंवा शस्त्रक्रियेपलीकडे गेलाय, नेहमीचे उपचार लागू पडेनासे झालेत, आणि रुग्ण हिंडता-फिरता आहे (ईसीओजी, म्हणजे रुग्णाला रोजची कामं किती जमतात याचा गुण, बहुधा 0 किंवा 1; 0 सर्वांत चांगला). सीटी स्कॅनवर मोजता येईल अशी, किमान 10 मिलिमीटरची गाठ बऱ्याचदा लागते. मेंदूत आजार पसरला असेल तर तो स्थिर हवा. फुप्फुसाला पूर्वी औषधामुळे सूज आली असेल तर ती लपवू नका. ऑसिमर्टिनिब आणि ड्युरव्हॅलुमॅब या जोडीची चाचणी याच त्रासामुळे थांबवावी लागली होती; दोन्ही औषधं एकेकटी वापरात आहेत, तरीही.

कागदांत बायोप्सीचा आणि जनुकीय तपासणीचा अहवाल (ईजीएफआर, एएलके, केआरएएस वगैरे), पीडी-एल१ (गाठीतल्या एका प्रथिनाची तपासणी), स्कॅनच्या सीडी, डिस्चार्ज कार्डं, आणि आजवरच्या प्रत्येक औषधाची सुरू-बंद तारीख. आयुर्वेदिक काढेसुद्धा त्यात लिहा.

घोडं अडतं ते मात्र ब्लॉकपाशी. अहवाल घरी असतो, पण मेणात जपलेला गाठीचा तुकडा लॅबमध्येच असतो आणि तो लेखी मागावा लागतो. कधी तो संपलेला निघतो, मग पुन्हा बायोप्सी. म्हणून हे काम पहिल्याच दिवशी करा.

चाचणीसाठीची कोणतीही तपासणी संमतिपत्रावर सही झाल्यानंतरच होते. ते घरी नेऊन वाचा. सही केल्यावरही कारण न देता बाहेर पडता येतं. पुढच्या तपासण्यांना बहुधा 28 दिवसांची मुदत असते, त्यामुळे जुना स्कॅन पुन्हा काढायला सांगितला तर वैतागू नका.

सगळं जुळूनही ‘थांबा’ असं उत्तर येऊ शकतं. चाचणीच्या पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न डोस किती सोसतो हा असतो. रूढ पद्धतीत तीन रुग्णांना एक डोस देऊन बहुधा 21 किंवा 28 दिवस पाहतात. एकाला गंभीर त्रास झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे घेतात. जागा म्हणूनच मोजक्या. थांबण्याच्या या काळात दुसरं औषध घ्यावं लागलं तर चाचणीच्या डॉक्टरांना आधी कळवा, कारण आधीच्या औषधाच्या शेवटच्या डोसनंतर चाचणी सुरू होण्याआधी ठरावीक आठवडे जावे लागतात आणि ती मोजणी नव्याने सुरू होते.