दिशायुक्त व विसरित प्रकाश

(अंतर्गत प्रकाशयोजना). एका बाजूने येणारा व चहूकडून पसरून येणारा, अशा दोन प्रकाशांचे खोलीतील परस्परप्रमाण. पहिल्याने सावली पडून वस्तूला उठाव येतो, दुसऱ्याने ती सावली विरळ होते. कौलांतून उतरणारा कवडसा हा पहिल्याचा, तर चुन्याच्या भिंतीवरून परतणारा उजेड हा दुसऱ्याचा नमुना होय.

कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. प्रकाशाचा क्षेत्र (अवकाशातील प्रत्येक बिंदूशी निगडित राशी) म्हणून विचार काही अभ्यासक मायकेल फॅरडे यांच्या १८४६ मधील विवेचनापर्यंत मागे नेतात. तेथे तो सूचित आहे खरा. परंतु मोजता येईल अशी मांडणी गेर्शुन या सोव्हिएत भौतिकीविज्ञांच्या १९३६ च्या ग्रंथात आढळते (इंग्रजी भाषांतर १९३९), म्हणून उगम तेथून धरणे अधिक सयुक्तिक. वास्तुरचनेत तिचा वापर ब्रिटनमध्ये जे. ए. लाइन्स व सहकाऱ्यांनी १९६६ च्या सुमारास रुजवला. एखाद्या बिंदूपाशी समोरासमोरच्या दोन बाजूंवरील प्रदीपनातील (एकक पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशातील) कमाल फरक ही सदिश राशी. तेथे ठेवलेल्या लहान गोलावरील सरासरी प्रदीपन ही अदिश. दोहोंचे गुणोत्तर सर्वस्वी विसरित प्रकाशात ०, तर समांतर झोतात ४ येते, कारण गोलाचे पृष्ठफळ त्याच्या छेदवर्तुळाच्या चौपट असते. समोरच्या माणसाचा चेहरा नीट दिसण्यास १.२ ते १.८ हे गुणोत्तर सामान्यतः पसंत पडते. खोलीत लक्स (प्रदीपनाचे एकक) किती, यापेक्षा ही संख्या महत्त्वाची; दुर्दैवाने आपल्याकडे ती क्वचितच मोजली जाते.

सातारा जिल्ह्यातील मेणवली येथील नाना फडणविसांच्या वाड्यासारख्या जुन्या वाड्यांत चौकाला लागून असलेल्या सोप्यात आकाशाचा उजेड एका अंगाने येतो आणि जमिनीवरून परतून तुळयांच्या खालच्या बाजूपर्यंत पोहोचतो. माजघरात हा समतोल राहत नाही.

योग्य प्रमाण कामागणिक बदलते. मिरजेच्या तंबोऱ्याच्या घोडीचा माथा दारातल्या तिरप्या उजेडात धरला, तर जवारी काढताना (तारेला झंकार यावा म्हणून घोडीचा माथा घासताना) राहिलेला कानशीचा बारीक ओरखडाही उठून दिसतो. छतभर पसरलेल्या उजेडात तो हरवतो. तासगावकडील बेदाणा रंगावरून निवडताना याच्या उलट: सुरकुत्यांतील सावली रंगाचा भास बदलते, त्यामुळे तेथे विसरित प्रकाशच हवा.